गासडीमागे एक रुपया



अकोल्याहून रेल्वेने निघाले म्हणजे समुद्र दिसायला जवळजवळ सहाशे किलोमीटर जावे लागते. आपल्या खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ माणसांनी समुद्र डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. तरी त्या समुद्राच्या काठी, मुंबईत, शंभर वर्षांपूर्वी दोन मोठी कामे निघाली, आणि त्यांतल्या एकाच्या खर्चाला आपल्या पऱ्हाटीचा पैसा लागला. पहिले काम समुद्र बुजवून नवी जमीन काढण्याचे होते. त्या जमिनीवर पैसेवाल्यांची वस्ती व्हायची होती. दुसरे काम गिरणी कामगारांसाठी चाळी बांधण्याचे होते. दोन्ही कामे एकाच सरकारी खात्याने, एकाच वर्षी हाती घेतली. चाळींचा तोटा भरून काढण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. गासडी म्हणजे आपण जिला गठाण म्हणतो ती. या एका रुपयाची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

हकीकत नीट कळायची तर आणखी साठ वर्षे मागे जावे लागेल. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. इंग्रजांचे लक्ष आपल्या काळ्या जमिनीवर होते, कारण या जमिनीत कापूस पिकतो. त्या काळी विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या कापसावर चालत. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे बंद पडली, आणि विलायतेला हिंदुस्थानच्या कापसाशिवाय दुसरा आसरा उरला नाही. मग काय विचारता! मुंबईत कापसाचे भाव चढू लागले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्याकडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेले. शिक्षक बंधूंनी वर्गात मुलांना हे आवर्जून सांगावे. अमरावतीचे नाव त्या काळी समुद्रापलीकडच्या बाजारात रोज घेतले जात होते.

युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या व्यापारात नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंडांच्या आसपास जास्तीचा पैसा आला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? व्यापाऱ्यांनी बँका काढल्या, कंपन्या काढल्या, आणि काही कंपन्या तर चक्क समुद्र बुजवण्यासाठी काढल्या. मुंबई हे बेट. जमीन थोडी, माणसे फार. समुद्र मागे हटवला तर नवी जमीन मिळेल, ती विकून पैसा होईल, असा हिशेब होता. त्यांतली मोठी कंपनी बॅक बेची. बॅक बे म्हणजे मलबार टेकडी आणि कुलाबा यांच्या मधला अर्धचंद्राकार उपसागर. या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. अजून एक टोपली मातीसुद्धा समुद्रात पडली नव्हती! शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा; पण इथे धंदाच जागेवर नव्हता, होती ती फक्त आशा. प्रेमचंद रायचंद हे नाव त्या काळी या सट्ट्याचे दुसरे नाव होऊन बसले होते.

१८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी कोणाजवळच द्यायला पैसा नव्हता. बँका बुडाल्या, पेढ्या बुडाल्या, बॅक बे कंपनीही बुडाली. किनाऱ्यालगत जी थोडी पट्टी भरून झाली होती, ती पुढे चर्चगेट-कुलाब्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कामी आली. कापसाच्या जोरावर समुद्रकाठी जमीन काढण्याचा हा पहिला खेळ. आपल्याकडे रेल्वे तर पुरती पोचायची होती. नागपूरला ती १८६७ साली गेली, आणि खामगावचा फाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. तेजीतला मोठा नफा मुंबईच्या पेढ्यांवर झाला. मंदी मात्र मुंबईपुरती राहिली नाही. उतरलेला भाव बैलबंडीच्या वाटेने कास्तकाराच्या दारापर्यंत आला.

पुढच्या पन्नास वर्षांत काय झाले ते थोडक्यात सांगतो. वऱ्हाडात जागोजागी जीन आणि प्रेस निघाले. सरकी वेगळी करायची, रुई दाबून गासडी बांधायची, आणि रेल्वेने मुंबईला धाडायची, असा क्रम बसला. कारंजाला १८८६ साली सरकारी नियमाखाली कापसाचा बाजार भरू लागला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ त्यात आहे. तिकडे मुंबईत गिरण्यांची धुराडी वाढत गेली. गिरण्यांत काम करायला कोकणातून, साताऱ्याकडच्या घाटावरून माणसे येऊ लागली. आपल्या भागातला मजूर बहुधा जवळच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये किंवा बडनेऱ्यासारख्या ठिकाणच्या गिरणीत जाई.

मुंबईला आलेला हा गिरणगडी राहत होता कसा? एका खोलीत. त्या खोलीत एक कुटुंब असेल असेही नाही. दोन-दोन कुटुंबे, शिवाय गावाकडची चार माणसे. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी. एक उठून गेला की त्याच्याच जागेवर दुसरा पडायचा. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या दर दहा माणसांपैकी सहा-सात माणसे एकाच खोलीच्या घरात राहत होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला, आणि अशा दाट वस्तीचा अर्थ सरकारला एकदम कळला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणजे शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या, काही चाळीही बांधल्या. परळच्या ट्रस्ट चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ पर्यंत कित्येक वर्षे राहत होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु गरिबांच्या दृष्टीने पाहिले तर ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या नव्याने बांधून दिल्या नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेवर जी चांगली घरे उठली, ती मध्यम वर्गाच्या आवाक्यातली होती. ज्याचे घर पडले तो शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोलीत आणखी एक वळकटी टाकून राहू लागला.

आता येऊ १९२० कडे. पहिले महायुद्ध संपले होते. युद्धात गिरण्यांनी अलोट नफा कमावला होता आणि महागाईने कामगार पिचला होता. १९१९ आणि १९२० साली मुंबईत गिरण्यांचे मोठे संप झाले. मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉईड. माणूस धडाडीचा, मोठमोठ्या योजना आखणारा. त्यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे मुंबई विकास खाते, उभे केले आणि त्याच्याकडे दोन कामे सोपवली. पहिले, बॅक बेचा समुद्र बुजवून १,१४५ एकर नवी जमीन काढणे. दुसरे, कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणे. साहेबांचा हिशेब असा होता की समुद्रातून निघालेली जमीन सोन्याच्या भावाने विकली जाईल आणि योजनेचा खर्च वर येईल. लोकांकडून कर्जरोखे घेऊन पैसा उभा केला गेला.

पण कामगारांच्या खोलीचे गणित जमेना. पक्क्या बांधकामाचा खर्च, त्यावरचे व्याज, जमिनीची किंमत हे सगळे धरून जे भाडे निघत होते, ते गिरणीकामगाराला परवडणारे नव्हते. भाडे कमी ठेवायचे तर तोटा कोणीतरी सोसायला हवा. गिरणीमालकांच्या नफ्यावर थेट बोजा टाकण्याऐवजी सरकारने सोपी वाट काढली. मुंबई शहरात येणाऱ्या कापसावर गासडीमागे एक रुपया जकात बसवली, आणि तिच्या उत्पन्नातला वाटा चाळींच्या तोट्याकडे वळवला.

आता हा रुपया कोणाच्या खिशातून गेला, ते पाहू. सरकारी वहीत तो मुंबईच्या व्यापाऱ्याने भरला असे लिहिले जाई. पण व्यापारी भाव कसा काढतो हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक! मुंबईचा भाव धरायचा. त्यातून रेल्वेचे भाडे वजा, विमा वजा, दलाली वजा, हमाली वजा, जीन-प्रेसचा खर्च वजा, आणि आता ही एक रुपया जकात वजा. जे उरेल तो अकोल्याच्या, खामगावच्या, अमरावतीच्या बाजारातला भाव. मुंबईचा भाव ठरायचा लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या भावावरून. तो तिथल्या व्यापाऱ्याला आपल्या मर्जीने एका रुपयाने वाढवता येत नव्हता. वरचा भाव बांधलेला असला म्हणजे मधला खर्च खालीच सरकत येतो. तेव्हा त्या रुपयातला सगळा नाही तरी बराच हिस्सा पऱ्हाटी वेचणाऱ्याच्या पदरातून गेला असला पाहिजे, असे अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने म्हणता येते. एका गासडीत सुमारे ३९२ पौंड, म्हणजे पावणेदोन क्विंटलांहून थोडी अधिक रुई असे. एवढ्या रुईसाठी सव्वापाच-साडेपाच क्विंटल बिनसोलला कापूस जीनमध्ये घालावा लागतो. कोरडवाहू शेतात एवढा कापूस पिकवायला किती एकर, किती बायांची वेचणी, हे तुम्हीच मनाशी मोजा.

वऱ्हाडचा कास्तकार स्वतः कुडाच्या घरात राहत होता. शहरातल्या कामगाराला पक्के घर मिळावे म्हणून त्याने वाटा उचलला. यात वाईट काही नाही. गिरणगडी काही परका नव्हता. तोही शेती सोडून आलेला माणूस. पण ज्याने वाटा उचलला त्याला कोणी विचारले नाही, आणि पैशाचे पुढे काय झाले हेही कोणी येऊन सांगितले नाही.

पुढे झाले ते असे. पन्नास हजारांपैकी सोळा हजारांच्या आसपास खोल्या बांधून झाल्या आणि काम थांबले. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, मिळून २०७ चाळी. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. मधून लांब बोळ, दोन्ही अंगांना दारे, टोकाला सर्वांचे मिळून नळ आणि संडास. बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, किल्ल्यासारखे मजबूत. पण आरंभी नीट खिडक्याच नव्हत्या. खिडकीच्या जागी काँक्रीटच्या पट्ट्या बसवलेल्या. वारा अडे, उजेड अडे. उन्हाळ्यात भिंती तापत.

सगळ्यांत नवल हे की, ज्या शहरात माणसे पाळीपाळीने एका वळकटीवर झोपत होती, त्या शहरात वरळीच्या बहुतेक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. कारणे उघड होती. वरळी त्या वेळी गावाबाहेर. दलदल, टेकडी आणि पलीकडे समुद्र. गिरणी दूर, बाजार दूर, रात्री दिवा नाही, जाण्यायेण्याचे साधन नाही. भाडे कमी केले तरी ते जुन्या खोलीपेक्षा जड. आणि कामगाराला खोली लागते ती एकट्या खोलीसाठी लागत नाही. त्याला गिरणीचा भोंगा ऐकू यावा लागतो, उधार देणारा दुकानदार लागतो, बायकोला डबे करून चार पैसे मिळतील अशी वस्ती लागते, गाववाले लागतात. घर बांधणाऱ्यांनी खोल्या मोजल्या, माणसाचा दिवस मोजला नाही.

रिकाम्या खोल्यांचा एक निराळा उपयोग १९३० साली झाला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भरून गेले, तेव्हा सरकारने वरळीच्या या चाळींत तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रही तिथे कोंडले. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात आपल्या अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला ब्रिजलाल बियाणी यांच्या पुढारपणाखाली खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला जात होता. समुद्र नाही म्हणून वऱ्हाड मागे राहिले नाही. खारपाणपट्ट्यातली विहीर आपल्या कामी आली. आणि कामगाराच्या घरासाठी कापसाच्या जकातीतून उभ्या झालेल्या खोल्या स्वराज्याच्या सैनिकांसाठी कोठडी झाल्या.

तिकडे बॅक बेचे काय चालले होते? समुद्रात दगडी भिंत घालायची आणि बंदरातला गाळ यंत्रबोटीने उपसून नळातून भिंतीच्या आत सोडायचा, अशी ती योजना. सर जॉर्ज ब्युकॅनन हे तिचे सल्लागार इंजिनियर. पण ठरल्याप्रमाणे गाळ निघेना, आणि भिंतीच्या फटींतून गाळ पुन्हा समुद्रात वाहून जाई. खर्चाचा अंदाज वर्षावर्षाला फुगत गेला. मुंबईचे वकील आणि कायदेकौन्सिलचे सभासद खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. त्यांच्यावर बेअब्रूचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. १९२६ साली सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि कारभारातल्या चुका तिने नोंदवल्या. लोक या योजनेला ‘लॉईडसाहेबाचा वेडेपणा’ म्हणू लागले. अखेर १,१४५ एकरांऐवजी सुमारे ४४० एकरांवर काम आटोपले. त्यातही कुलाब्याकडचा बराच भाग लष्कराकडे गेला.

इथपर्यंत पाहिले तर दोन्ही योजना फसल्या असे दिसते. परंतु पुढे दोघींचे नशीब सारखे राहिले नाही. समुद्रातून निघालेल्या जमिनीवर १९३० नंतरच्या दशकात मरीन ड्राईव्हचा रस्ता आणि त्याच्या काठचे गोलाकार सज्जांचे नव्या घाटाचे बंगले-इमारती उठल्या. संस्थानिक, व्यापारी, सिनेमावाले तिथे राहायला आले. २०१८ साली या इमारतींना आणि समोरच्या जुन्या गॉथिक इमारतींना मिळून युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. स्वातंत्र्यानंतर अर्धवट सोडलेल्या समुद्रातही भर पडली आणि उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या जागेला नाव दिले नरिमन पॉईंट. ज्या गृहस्थाने त्या भरावातला गैरकारभार उघडकीला आणला, त्यांचेच नाव त्या भरावाला मिळाले. समुद्रकाठची जमीन अशी आहे की, ती आज तोट्यात गेली तरी थांबायची ऐपत असलेल्याला उद्या फळ देते. कामगाराच्या खोलीत पैसा गुंतवणाऱ्याला असे फळ मिळत नाही. म्हणून त्या कामात खाजगी पैसा आपण होऊन फारसा येत नाही. ते काम सरकारला, नगरपालिकेला किंवा कारखान्याला अंगावर घ्यावे लागते.

कारखान्याने ते कसे घ्यावे याचा एक नमुना आपल्या विदर्भातच आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केली. या गिरणीने पुढे इंदोऱ्याला सरकारकडून सुमारे दोनशे एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि कामगारांची वसाहत वसवली. तिथे चार मजली चाळ बांधली नाही. जागेचे तुकडे पाडले, रस्ते आणि पाण्याची सोय केली, आणि कामगाराला स्वतःचे बैठे घर बांधायला गिरणीकडून कर्ज दिले. आपल्या माणसाला दारापुढे अंगण लागते, तुळस लागते, शेळी बांधायला खुंटा लागतो. हे त्यात ओळखलेले होते. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने, म्हणजे मजूरविषयक शाही आयोगाने, देशभरच्या कामगार वस्त्या पाहिल्या, तेव्हा मुंबईच्या रिकाम्या चाळींबरोबर इंदोऱ्याच्या या प्रयोगाचीही दखल घेतली. मुंबईत जमीन नाही, नागपुरात होती, हा फरक खराच. पण फरक नुसता जमिनीचा नव्हता. एका ठिकाणी राहणाऱ्याला विचारून घर झाले, दुसऱ्या ठिकाणी घर करून मग राहणारा शोधला गेला.

वरळीच्या चाळी मात्र पुढे भरल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची वस्ती वाढली, शहर वरळीपर्यंत येऊन भिडले, बस आली, बाजार आला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जागच्या जागी थांबली. गिरणीकामगार, नगरपालिकेचे नोकर, पोलीस शिपाई, गोदीतले मजूर या खोल्यांत राहू लागले. गणेशोत्सव, भीमजयंती, कबड्डीचे संघ, रात्रीच्या अभ्यासिका अशी सगळी हालचाल तिथे सुरू झाली. ज्या बोळांत एकेकाळी पहारेकरी फिरत, तिथे मुले लहानाची मोठी झाली. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी अनुदानाची घरबांधणी योजना काढली. मुंबईचे आणि विदर्भाचे अशी जी वेगवेगळी गृहनिर्माण मंडळे होती, ती १९७७ साली एकत्र होऊन आजचे ‘म्हाडा’ झाले.

मग आला १९८२ चा संप. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार बाहेर पडले. गिरण्या बंद पडत गेल्या, आणि मालकांच्या ध्यानात आले की मागाखालची जमीन कापडापेक्षा मोलाची आहे. १९९१ च्या नियमाने असे ठरले होते की गिरणीची जमीन विकासाला काढली तर साधारण एक-तृतीयांश मोकळ्या जागेसाठी नगरपालिकेला, एक-तृतीयांश घरांसाठी सरकारी मंडळाला, आणि उरलेली मालकाला मिळावी. २००१ साली नियमातले शब्द बदलले. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची होईल असे ठरले. बहुतेक जागेवर तर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या. मग मोकळी जागा उरली किती, हे सांगायला नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ साली बदललेला नियम कायम राहिला. एका शब्दाच्या फेरफाराने किती एकर कोणाकडे जातात, याचे हे उदाहरण शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला जरूर घ्यावे. गिरणीकामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. सोडतीत नंबर लागलेल्यांची संख्या त्यापुढे फार थोडी.

या कथेचा एक धागा पुन्हा आपल्या जिल्ह्यात येतो. मुंबईच्या लालबागेत फिनले नावाची गिरणी होती. ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी विकून जो पैसा उभा केला, त्यातून काही गिरण्या नव्याने बांधल्या, आणि फिनले मिल अमरावती जिल्ह्यात अचलपूरला आली. कापूस जिथे पिकतो तिथे सूत निघावे, ही आपली जुनी मागणी. समुद्राकाठच्या जमिनीचा पैसा एकदा तरी वऱ्हाडाकडे उलटा वाहिला. पण २०२० च्या टाळेबंदीत या गिरणीची चाके थांबली, आणि कामगारांना आंदोलनाच्या वाटेने जावे लागले.

वरळीच्या चाळींचा नवा अध्यायही याच वर्षांतला. ज्या जागेला शंभर वर्षांपूर्वी भाडेकरू मिळत नव्हता, ती जागा आता देशातल्या सर्वांत महाग जागांपैकी झाली आहे. २०१७ साली म्हाडाकडून चाळींच्या पुनर्बांधणीचे काम सुरू झाले. जुन्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर फुकट द्यायचे, आणि त्याच जमिनीवर जादा घरे बांधून, ती बाजारभावाने विकून खर्च भागवायचा, असे हे गणित आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. लॉईडसाहेबांनी जे गणित समुद्राच्या जमिनीवर मांडले होते, तेच आता चाळींच्या जमिनीवर मांडले जात आहे: पैसेवाल्याला विकलेल्या जागेतून गरिबाचे घर. या वेळी घर हाती आले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण उंच इमारतीचा महिन्याचा देखभाल खर्च पेलता आला नाही म्हणून घर विकून दूर जावे लागू नये, याची काळजी पुढे घ्यावी लागेल.

श्रोतेहो, हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मुंबईचे मुंबईला. आम्हाला काय त्याचे? तर पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या भागात एक हजार एकरांच्या वस्त्रोद्योग उद्यानाचा पाया पंतप्रधानांच्या हस्ते घातला गेला. तिथे कारखाने यावेत असेच आपल्याला वाटते. पण कारखान्याबरोबर माणूस येतो. तो राहील कुठे? आसपासच्या गावांतली जमीन कोण घेईल, कोणत्या भावाने, आणि घेणारा तिथे राहण्यासाठी घेईल की भाव चढेपर्यंत अडवून ठेवण्यासाठी? तीच गोष्ट चिखलदऱ्याची. आपल्याकडे समुद्र नाही, पण थंड हवेचे ठिकाण आहे. बाहेरच्या पैशाला मुंबईत समुद्र आवडतो, तसा इथे डोंगर आवडतो. हॉटेले निघतील, बंगले निघतील. त्यांत स्वयंपाक करणारी बाई, झाडलोट करणारा गडी, गाडी हाकणारा मेळघाटातला कोरकू तरुण रात्री कुठे पाठ टेकणार, याचा विचार बंगल्याच्या नकाशाबरोबरच व्हायला हवा. बंगला झाल्यावर त्याला जागा शोधू म्हटले, तर जागा उरत नाही.

वरळीच्या गोष्टीवरून ग्रामपंचायतीच्या पंचांना आणि गावच्या जाणत्या मंडळींना तीन-चार प्रश्न विचारता येतील. घर कामाच्या ठिकाणापासून पायी किती वेळाच्या अंतरावर आहे? भाडे किंवा हप्ता रोजमजुरीच्या किती दिवसांचा आहे? घराचा नकाशा काढताना तिथे राहणाऱ्या बाईला कोणी विचारले का? आणि तोटा आला तर तो कोणाच्या भावातून कापला जाईल? हे प्रश्न १९२० साली विचारले गेले असते, तर पन्नास हजार खोल्यांचे सोळा हजारांवर आले नसते, आणि आलेल्या सोळा हजारांतल्या वरळीच्या खोल्या ओसही पडल्या नसत्या.

शाळेतल्या मुलांसाठी एक काम सुचवतो. गावात एखादा बंद पडलेला जीन किंवा प्रेस असेल, तर त्याच्या आवारात जाऊन पाहा. तिथे काम करणारी माणसे कुठे राहत होती, त्यांच्या खोल्या कोणी बांधल्या, भाडे कोण घेत असे, आणि आवाराची जमीन आता कोणाच्या नावावर आहे, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून काढा. मुंबईच्या चाळींचा इतिहास ग्रंथांत सापडतो. आपल्या जीनच्या खोल्यांचा इतिहास अजून माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.